ताईचा अर्ज

प्रिय ताई,

तुझ्या धाकट्याचा नमस्कार. आधी खाली बस, मग वाच. तुझ्या एम.एस्सी.साठी विद्यापीठ सापडलं!

नावाजलेल्या विद्यापीठात आधी गेलो होतो. तिथली फी ऐकूनच डोळे पांढरे झाले. पण दुसऱ्या एका विद्यापीठाच्या गणित विभागात सध्या मीच वायरिंग करतोय. शिडीवरूनच विभागप्रमुखांना तुझ्याबद्दल विचारलं.

"शिकवायचा अनुभव आहे का त्यांना?"

"अकरा वर्षं शाळेत गणित शिकवते. मलासुद्धा तिनंच पास केलं, सर."

ते खो खो हसले. म्हणाले, पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवलं तर फी माफ, वर दरमहा भत्ता! माझ्या शिक्षणापायी तू अर्धवट सोडलेली एम.एस्सी. आता पूर्ण होईल, ताई!

बोटाला जरासा चटका बसलाय, म्हणून अक्षर वेडंवाकडं आलंय. काळजी करू नकोस. आईचा गुडघा कसा आहे? तिला एकटीला कसं सोडू, असं तू म्हणशीलच. म्हणून काल तू शाळेत असताना मी तिलाच फोन केला. ती म्हणाली, "मावशी येईल राहायला. ताईला म्हणावं, आता कारणं पुरे."

अर्ज सोबत पाठवलाय. फुली केलीय तिथे सही कर.

तुझाच,
धाकटा