पुढच्या सीटवर कोणी झोपू नये

मी, राजश्री हणमंत बिराजदार, वय अठ्ठेचाळीस, जिल्हा परिषद शाळेतील शिक्षिका, राहणार लातूर, हे मृत्युपत्र कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या मनाने आणि स्वतःच्या हाताने लिहिते. दुखणं पोटातून कण्यापर्यंत गेल्याचं डॉक्टर पंचाक्षरींनी सांगितलं आहे. डोकं ठिकाणावर आहे. डावा पाय मात्र दिवाळीपासून क्लच दाबत नाही, म्हणून ही घाई.

१. माझे पती श्री. हणमंत त्र्याण्णवच्या भूकंपात दगडी घराच्या मातीच्या माळवदाखाली गाडले गेले होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांना जिवंत काढलं. त्यांची आई आणि बहीण वाचल्या नाहीत. तेव्हापासून ते छताखाली झोपू शकत नाहीत. दिवसा सगळं सुरळीत, दुकानात कामाला जातात. अंधार पडला की घरात थांबत नाहीत. लग्नाआधी मला हे सांगितलं होतं. मला वाटलं, वर्षभरात निवळेल.

२. भूकंपाच्या मदतीच्या पैशातून घेतलेल्या मोकळ्या प्लॉटवर ते बाज टाकून झोपत. प्लॉट माझे दीर भुजंगभाऊजी यांच्या नावावर होता. क्लासेसची पोरं गावोगावहून येऊ लागली तशी त्यांनी तो होस्टेलवाल्याला विकून टाकला. मी विनवायला गेले तर म्हणाले, "सारी दुनिया घरात झोपून राहिली, वहिनी. तुमचाच नवरा काय आगळा हाय?" भाऊजींना माझ्या मिळकतीतून काहीही मिळणार नाही.

३. त्यानंतर मी देगलूरहून जुनी, गिअरची, पांढरी मारुती घेतली. ह्यांनी टपावर बोटांनी वाजवून पाहिलं आणि म्हणाले, "पत्रा हाय. अंगावर पडला तरी मानूस मरत न्हाई." ह्यांचे हात थरथरतात, म्हणून चालवायला मी शिकले. माझा भाऊ बालाजी रविवारी हदगावहून येऊन बाजार समितीच्या मैदानात शिकवायचा. गाडी सारखी बंद पडायची आणि हमाल काम थांबवून बघत बसायचे. एका रविवारी बालाजी म्हणाला, "ताई, झोपलेल्या लेकराच्या मानेखालून हात काढतीस का न्हाई? क्लच तसा सोड." त्या दिवशी गाडी पहिल्यांदा धक्का न देता हलली. जॅक, पाने, हवेचा पंप आणि टॉर्च बालाजीला द्यावेत.

४. रोज जेवण झालं की ह्यांना घेऊन मोकळ्या रानात जायचं, हे मागच्या सीटवर, मी पुढच्या, आणि उजाडताना परत, असा आमचा संसार झाला. आमची मुलगी अपूर्वा लहान असताना माझ्या कुशीत असायची. जिथे गाडी उभी करायचो तिथे वर्षा-दोन वर्षांत पाया खोदला जायचा. मैदान गेलं, रिंगरोड गेला. आम्ही पुढे सरकत राहिलो. बॅटरीच्या टोकांवरची पांढरी बुरशी गरम पाण्याने धुवायला, क्लचची वायर बदलायला, बॅटरी उतरली की दुसऱ्या गिअरवर गाडी चालू करायला मी शिकले. धक्का हेच मारायचे, आणि तेवढंच हसायचे. दुष्काळात रेडिएटरला टँकरचं पाणी घातलं म्हणून शेजारच्या सिंधुवहिनी दारात येऊन बोलल्या, "मानसाला प्यायला न्हाई आन् तुम्ही गाडीला पाजून राहिल्या का?" त्यांचं खरंच होतं. माझी शिलाई मशीन त्यांना द्यावी.

५. दिवाळीपासून अपूर्वा गाडी नेते. पुढच्या सीटवर मोबाईलच्या उजेडात परीक्षेचं वाचते आणि सकाळी क्लासमध्ये पेंगते. एकदा नापास झाली, आता पुन्हा होईल. मला म्हणते, "आई, मी नेत जाईन ना बाबांना, तू कशाला काळजी करतीस?" ती नेईल, हीच माझी काळजी आहे. माझी फंडाची रक्कम आणि दागिने तिचे. माझ्यानंतर तिने त्या सीटवर एक रात्रही काढू नये. ही इच्छा नाही, अट आहे.

६. मग ह्यांना कोण नेणार, याचं उत्तर मला सापडलं नाही. घराचा स्लॅब पाडून अंगण करावं, असं आधी लिहिलं होतं. पण दोन्ही बाजूंना चार-चार मजली होस्टेलं आहेत. ती अंगावर येतील म्हणून हे रात्रभर वर बघत बसतील. म्हणून माझ्या पगारातून बांधलेलं, माझ्या नावावरचं हे घर शेजारच्या होस्टेलवाल्याला विकावं. भाऊजींनी केलं तेच मी करते आहे, ते कळतं. आलेल्या पैशातून अपूर्वाच्या राहण्याची सोय करावी आणि औशाच्या बाजूला, वस्तीपासून लांब, मोकळी जागा ह्यांच्या नावे घ्यावी. बालाजीने गाडी तिथे शेवटची चालवत न्यावी, चाकं काढावीत आणि ती लाकडी ओंडक्यांवर ठेवावी. दगडांवर नको. मग ती गाडी राहणार नाही, पत्र्याची खोली होईल. अंमलबजावणी बालाजीने करावी.

७. कालच तिथली एक जागा ह्यांना दाखवून आणली. अपूर्वा चालवत होती. हे खाली उतरून चारी बाजूंना फिरले.

"इथं कोण बांधून राहिलंय का?"

"सध्या तर कोणी नाही," मी म्हणाले.

"सध्या," हे म्हणाले, आणि गाडीत येऊन बसले.

वरील सर्व मजकूर माझा असून साक्षीदारांसमोर सही केली आहे.

सही : राजश्री हणमंत बिराजदार

साक्षीदार :
१) डॉ. बसवराज पंचाक्षरी
२) सौ. पार्वतीबाई मलप्पा स्वामी

स्थळ : लातूर
दिनांक : ११ फेब्रुवारी २०१९