अगं, गच्छ

प्रिय कर्णधारबाई,

हे पत्र तुझ्या मास्कच्या पिशवीत ठेवतो आहे, म्हणजे उद्या मैदानावर जाण्याआधी तुला सापडेलच. सोमवारच्या आत वाच. सोमवारच का, ते तुला माहीत आहे; मलाही माहीत आहे, हे तुला माहीत नाही. एकाच घरात राहून बापानं लेकीला पत्र लिहावं हे वेडगळपणाचं आहे, मान्य. पण तोंडी बोलायला गेलो की तू मिक्सर लावतेस. काल तर मिक्सरमध्ये काहीच नव्हतं.

आधी गेल्या रविवारच्या सामन्याबद्दल. हरल्याचं मला काही नाही. जन्मभर संस्कृत शिकवलं, समोरचा ऐकत नाही याची सवय आहे. वैताग आलाय तो त्यानंतर आठवडाभर तू चालवलेल्या शब्दच्छलाचा.

पेंटबॉलमध्ये खुणेचे शब्द संस्कृत ठेवायची कल्पना तुझीच. आपण मैदानात जे ओरडतो ते बँकवाल्यांच्या संघाला सगळं कळतं, म्हणून. मला बरं वाटलं. माझ्या विद्येचा असा लढाऊ उपयोग आजवर कोणी केला नव्हता. मी हौसेनं शब्द काढून दिले: वाम, दक्षिण, तिष्ठ, गच्छ, आगच्छ. दक्षिण म्हणजे उजवीकडे, असं आपल्या संघातल्या दंतवैद्याला किती वेळा सांगितलं, तरी पहिल्याच सामन्यात तो सूर्य कुठे आहे ते शोधत उभा राहिला आणि पाठ निळी करून बाहेर आला. त्याला मी माफ केलं. तो दात काढतो, रूपं चालवत नाही. तू मात्र माझ्या घरात वाढलीस. तुझ्या दुधाच्या दातांच्या आधी मी तुला उपसर्ग शिकवले, असं तुझी आई म्हणायची, आणि ते कौतुकानं म्हणायची नाही.

तर रविवारी शेवटी त्यांचे दोघे उरले आणि आपण दोघं. मी टायरांच्या थप्पीमागे. तू डावीकडच्या पिंपाआड. त्यांचा एक पालथ्या होडीमागे, दुसरा लाकडी भिंतीआड. डाव तुझाच होता आणि चांगला होता: मी मारा करून दोघांची डोकी खाली दाबून ठेवायची, तेवढ्यात तू कडेनं पुढच्या पिंपापर्यंत पळायचं. तिथून त्यांची बाजू उघडी पडते. माझ्यापासून लपावं तर तुला दिसतात, तुझ्यापासून लपावं तर मला. मी मारा सुरू केला. रंगाच्या गोळ्यांचा डबा रिकामा होईपर्यंत केला. होडीमागचा तर डोकं वर काढायला तयार नव्हता. वाट मोकळी होती. मी ओरडलो. आणि तू पुढे जायचं सोडून उलटी फिरलीस, धावत माझ्याकडे आलीस, माझ्या शेजारी बसलीस आणि विचारलंस, “बाबा, गुडघा दुखतोय का?”

भिंतीआडचा माणूस संध्याकाळी फिरायला निघाल्यासारखा चालत आला आणि दोघांना रंगवून गेला. पंचानंसुद्धा आपल्याकडे बघायचं टाळलं.

तुझं म्हणणं, मी ‘आगच्छ’ म्हणालो. म्हणजे ये. मी म्हणालो होतो, ‘अगं, गच्छ!’ म्हणजे अगं, जा. ‘अगं’ मराठी, ‘गच्छ’ संस्कृत. त्यांचा संधी होत नाही. तू तो केलास आणि समोर होती ती संधी घालवलीस.

बरं, क्षणभर धरू की ऐकण्यात चूक झाली. पण पहिल्या सरावाला फळ्यावर तूच लिहिलं होतंस: एका आडोशामागे दोघं नकोत, एकाच नेमात दोघं जातात. हा नियम तरी मराठीत होता ना?

हे कोडं मंगळवारी सुटलं. दाढ भरायला दंतवैद्याकडे गेलो होतो. तोंडात कापूस, वर यंत्राची घरघर, आणि त्यानं सहज विचारलं, कॅप्टनचं काय ठरलं? कसलं, हे मला विचारता येईना. मग तोच सांगत बसला. खाडीवर नवा पूल होतोय, तुला तिथे बोलावलंय, आणि या वेळी कोणाच्या हाताखाली नाही, अख्खं काम तुझ्या जबाबदारीवर. सोमवारी उत्तर द्यायचंय. आणि तू नाही म्हणणार आहेस, कारण बाबांच्या गुडघ्याचा भरवसा नाही. मी ‘आँ’ एवढंच म्हणू शकलो. त्याला वाटलं दुखतंय. त्यानं आणखी एक इंजेक्शन दिलं.

आता गुडघ्याबद्दल. त्याच्या शस्त्रक्रियेला तू थोड्या दिवसांसाठी म्हणून आलीस, त्याला आता दुसरं वर्ष लागलं. त्याच गुडघ्यावर मी दर रविवारी टायरांमागे उकिडवा बसतो. उकिडवं बसता येणाऱ्या माणसाला अधू म्हणत नाहीत. उगाच गुडघ्याला बोल लावू नकोस. तुझी आई गेल्यापासून आपण दोघं एकाच थप्पीमागे बसलोय. तुला वाटतं, तू मला सांभाळतेस. मला वाटायचं, मी तुला. आणि स्वयंपाकघरात रिकामा मिक्सर फिरतोय.

मागून मारा करणाऱ्याची खरी चिडचिड कशानं होते, सांगू? नेम चुकल्यानं नाही. ज्याच्यासाठी डबा रिकामा केला, तो उठलाच नाही म्हणून. तेव्हा उद्या मी मैदानावर काही ओरडणार नाही. लेखी देतोय, म्हणजे पुन्हा कानांवर ढकलायला नको. ‘अगं’ मुद्दाम गाळलंय. लिहिताना दोनदा हात तिकडे गेला, दोनदा खोडलं. आज्ञार्थ, मध्यम पुरुष, आधी उपसर्ग नाही. आणि एकवचन आहे, द्विवचन नाही, हेही नीट बघ.

गच्छ.

तुझाच,
टायरांमागे एकटा व्यवस्थित बसू शकणारा
बाबा