अस्वलासाठी मुंगीची तयारी

४ मार्च, बुधवार

ठरलं. बावीस तारखेच्या रविवारी मुंगीला म्युझियम दाखवणार.

मुंगी म्हणजे माझी मुलगी. वय सात. राहते आईकडे. म्हणजे आता आई आणि आईचा नवा नवरा यांच्याकडे. नवरा दातांचा डॉक्टर आहे. माझ्या वाट्याला एक सोडून एक रविवार, शिवाय बुधवारी संध्याकाळी फोन. एवढ्यात बाप होऊन दाखवायचं. दाखवतो.

मागच्या खेपेला सिनेमाला नेलं होतं. पहिल्याच गाण्याला कान दाबून खुर्चीखाली जाऊन बसली. तिला ओढून बाहेर काढेपर्यंत अर्धं थिएटर सिनेमा सोडून आम्हाला बघत होतं. दोष साउंड सिस्टिमचा. पण तिच्या आईने आज फोनवर तेच दळण दळलं. तिला अंधार, आवाज, अचानक काही झालेलं सोसत नाही, आधी सांगून ठेवलं की शहाण्यासारखी राहते, तू सांगत नाहीस. मी म्हटलं, या वेळी अशी तयारी करून घेतो की म्युझियमवालेच विचारतील, कोणाची मुलगी ही? तिने फोन ठेवला. पटलं असावं.

म्युझियम मला पाठ आहे. शाळेच्या सहलीत पाहिलंय. आत शिरलं की समोर भुसा भरलेलं अस्वल, मागच्या दोन पायांवर उभं. डोक्यावर देवमाशाचा सांगाडा. परत जाऊन बघायची गरज नाही. असल्या वस्तू उठून कुठे जात नाहीत.

संध्या. ७.४०

तयारी सुरू केली. मुंगीला फोनवर अस्वल समजावलं. माझं तत्त्व एकच, मुलांशी खोटं बोलायचं नाही. ते आधी जिवंत होतं, मग कोणीतरी गोळी घातली, मग पोट फाडून आतलं सगळं काढून टाकलं आणि भुसा कोंबला, हे सांगितलं. तिने विचारलं, आतलं कुठे ठेवलं? उत्तम प्रश्न. मी म्हटलं, फेकलं असेल. डोळे? मी म्हटलं, काचेचे बसवतात, खरे सडतात. त्यानंतर तिकडून फक्त श्वास ऐकू येत होता. एवढी एकाग्रता तिच्या आईला आयुष्यात जमली नाही.

५ मार्च, गुरुवार

संकल्प. बावीसला गाइडसारखं अस्खलित बोलता आलं पाहिजे. दुकानात रोज सराव.

मी गाद्यांच्या शोरूममध्ये आहे. लोक येतात, बूट काढतात, प्लास्टिकवर आडवे होतात, डोळे मिटतात. आज एक वयस्कर जोडपं स्प्रिंगच्या गादीवर शेजारीशेजारी पडलं होतं. छातीवर हात, चेहरे शांत. मी सहज सांगितलं की पूर्वी इजिप्तमध्ये राजाराण्यांना अगदी असंच पुरत, फक्त आतडी वेगळ्या बरणीत. बाईंनी नवऱ्याला उठवलं आणि चप्पल हातात घेऊनच बाहेर गेल्या. मालक काउंटरवरून ओरडला, गाद्या विकायच्यात की कबरी?

दृष्टी नाही या माणसाकडे.

६ मार्च, शुक्रवार

तिच्या आईचा मेसेज. मुंगीने स्वतःच्या कापडी सशाचं पोट कात्रीने उघडलं, आतला कापूस बघून रात्रभर रडली. आज डॉक्टरला विचारलं म्हणे, काका, तुझ्या खुर्चीत तोंड उघडून झोपतात त्यांच्यात तू काय भरतोस?

यातली जिज्ञासा कोणाला दिसत नाही. मी उत्तर पाठवलं, मुलगी प्रयोग करायला लागली आहे, अभिनंदन.

८ मार्च, रविवार. संध्या. ६.१५

आज मुंगी माझ्याकडे होती. रंगीत तालीम घेतली.

घराचं म्युझियम केलं. सगळे पडदे ओढले. दारात पट्टा बांधून तिकीटखिडकी. टेबलावर वस्तू मांडल्या. जुना टाइमपीस, माझा शाळेतला कप, तिच्या आईचा राहिलेला कंगवा (प्राचीन काळ). मुंगी छान चालली. हात पाठीमागे बांधून, काही न विचारता. मग मला वाटलं, खरी परीक्षा अस्वलाची आहे, ती टाळून काय उपयोग? तिला डोळे मिटून वीस म्हणायला सांगितलं. मी तपकिरी ब्लँकेट पांघरून पॅसेजमध्ये उभा राहिलो. दोन्ही हात वर. अजिबात हललो नाही. ती आली, थांबली, बघत राहिली. मला खोकला आला.

ती बाथरूममध्ये शिरली आणि आतून कडी घातली.

मी दाराबाहेरून सगळं शास्त्रीय पद्धतीने समजावलं. की अस्वल मीच होतो, खरं अस्वल मेलेलंच असतं, ते कधीच खोकत नाही. आतून नळ सोडल्याचा आवाज. माझा आवाज तिला ऐकायचा नव्हता असं नाही, पण नळ पूर्ण सोडला होता. दार ठोठावलं. मग जरा जोरात ठोठावलं. मग मी जे काही बोललो ते कोणत्याही बापाने बोललं असतं. खालच्या मजल्यावरची बाई वर येऊन विचारून गेली, सगळं ठीक आहे ना.

शेवटी डॉक्टरला बोलवावं लागलं. तो आला, बाथरूमच्या दाराशी फरशीवर मांडी घालून बसला आणि हळू आवाजात काहीतरी बोलत राहिला. मध्येच गप्प बसायचा. थोड्या वेळाने नळ बंद झाला. मग कडी. ती बाहेर आली ती बाह्या कोपरापर्यंत ओल्या. त्याचं बोट धरून जिना उतरली.

तोंड न उघडणाऱ्यांची त्याला सवयच आहे, त्यात कौतुक ते काय.

एकंदरीत तालीम यशस्वी. भीती आजच बाहेर पडून गेली, बावीसला शिल्लक राहणार नाही.

११ मार्च, बुधवार

फोनवर मुंगी नाही, तिची आई. आवाज एकदम थंड. म्हणाली, आता तू तिला एक अक्षर सांगायचं नाहीस. बावीसला काय काय होणार ते मी तिला सांगेन, अगदी पहिल्यापासून शेवटपर्यंत, नीट.

म्हणजे पद्धत माझीच स्वीकारली. फक्त श्रेय द्यायचं नाही. मी मोठ्या मनाने होकार दिला.

तिने विचारलं, तू जाऊन बघून आलायस ना? मी म्हटलं, अर्थात.

जायला हवं होतं का? छे. शनिवारी वेळ मिळाला तर बाहेरून बघीन.

१६ मार्च, सोमवार

मालकाने रविवारची सुट्टी नाकारली. रविवारी सेल आहे. मी शांतपणे सांगितलं की गाद्या काय, रोजच असतात, मुलगी एकदाच सात वर्षांची होते. वाक्य इतकं चांगलं झालं की मलाच भरून आलं. मालक म्हणाला, कालच्या रविवारी पण हेच म्हणालास, त्याच्या मागच्या पण, आणि काल तर ती आलीही नव्हती. सुट्टी दिली. पण पुढच्या महिन्यापासून मी गोडाऊनला. तिथे गिऱ्हाईक नसतं.

बढतीच म्हणायची. डोक्याला शांतता.

१८ मार्च, बुधवार

मुंगी फोनवर आली! छान बोलली. घाबरलेली अजिबात नाही. मी वचन पाळलं, म्युझियमचा म काढला नाही. तीच प्रश्न विचारत होती. बाबा, तू निळा शर्ट घालणार का? म्हटलं, घालीन की. आपण बसने जाणार का? म्हटलं, हो. मागून आईचं कुजबुजणं ऐकू येत होतं, आणि मुंगी म्हणत होती, हां, हां, ते पण लक्षात आहे.

बापाच्या शर्टाचा रंग विचारणारी मुलगी. डॉक्टरला विचारते का कधी? तो बापडा कायम पांढरा.

२१ मार्च, शनिवार

बाहेरून बघायचं राहिलं. शर्ट इस्त्रीला टाकायचा होता. निळा सापडला नाही, हिरवा चालेल.

उद्याचा आराखडा डोक्यात पक्का आहे. शिरल्यावर मी एका गुडघ्यावर बसून तिचा हात हातात घेईन आणि म्हणेन, बघ, हेच ते. ती अस्वलाकडे बघेल, मग माझ्याकडे. पुढचं शब्दांत सांगता येत नाही.

२२ मार्च, रविवार. संध्या. ५.३०

अस्वल नाही.

आत शिरल्यावर समोर बटणं. काचेच्या कपाटांमध्ये हारीने मांडलेली कोटाची बटणं, हाडाची, शिंपल्याची, पितळेची. वर देवमाशाच्या जागी गोल दिवे. मी दारावरच्या गार्डबाईंना विचारलं, अस्वल कुठंय? त्या म्हणाल्या, प्राण्यांचं दालन बंद करून जमाना झाला, कसर लागली होती, आता इथे कपडे आणि भांडी. मी म्हटलं, असं कसं, मी स्वतः पाहिलंय. त्या म्हणाल्या, तुम्ही पाहिलं असेल हो, आता नाही.

आवाज चढला असेल थोडा. जागा मोठी आहे, घुमतो. मी म्हटलं, पंधरा दिवस मुलीला तयार करतोय मी अस्वलासाठी, आणि तुम्ही बटणं दाखवता? लोक वळून बघायला लागले. शेजारी बघतो तर मुंगी नाही.

ती गार्डबाईंच्या पलीकडे जाऊन उभी होती. रडत नव्हती, काही नाही. पाठीवरच्या पिशवीतून मोठाले हेडफोन काढून तिने कानावर लावले आणि समोरच्या कपाटातली बटणं बघायला लागली. बस आली नाही म्हणून दुसरीची वाट बघत थांबतात ना लोक, तशी.

मी तिला बोलवायला पुढे झालो, कपाटाच्या काचेवर हात टेकला. अलार्म झाला. दुसरा गार्ड आला. मी त्याला काय बोललो ते लिहीत नाही. गार्डबाईंनी मला बाकावर बसवलं आणि पाणी दिलं. अलार्म बंद झाल्यावर मुंगीने हेडफोन काढून पिशवीत ठेवले, चेन लावली आणि शेजारी येऊन बसली.

मी म्हटलं, सॉरी हं मुंगे. ती म्हणाली, ठीक आहे बाबा.

मग तिला म्युझियमच्या दुकानात नेलं. बटणाच्या आकाराचं खोडरबर घेतलं. हातात देण्याआधीच ती थँक यू म्हणाली.

कँटीनमध्ये बसलो. मी म्हटलं, मुंगे, तू आज जराही घाबरली नाहीस. बघ, तयारीचा किती फायदा होतो. ती म्हणाली, हो, आईने सांगितलं होतं ना. मी विचारलं, बटणांचं? ती म्हणाली, बटणांचं पण. आई, मी आणि काका येऊन बघून गेलो. मग ती पाय हलवत, शाळेत कविता म्हणतात तसं, न अडखळता सांगत गेली. आधी बाबा निळा शर्ट घालून येईल. मग तो म्हणेल मला सगळं माहीत आहे. मग ते तसं नसेल. मग तो मोठ्याने बोलेल. तो माझ्यावर रागावलेला नसतो. तेव्हा मी गार्डच्या मावशींजवळ जाऊन उभं राहायचं आणि हेडफोन लावायचे. मग तो सॉरी म्हणेल. मी ठीक आहे म्हणायचं. मग तो काहीतरी विकत घेईल.

मग माझ्याकडे बघून म्हणाली, शर्ट हिरवा आहे. ते सोडून सगळं झालं.

मी विचारलं, मग पुढे?

ती म्हणाली, मग आपण बाहेर जातो. काका गाडी घेऊन उभे असतात. मग संपतं.

बाहेर आलो. काका गाडी घेऊन उभे होते.

तिच्या आईने मुलीला बरंच पाठ करायला लावलं आहे. या वयात एवढी घोकंपट्टी बरी नाही. बुधवारी बोलीन. कल्पना बाकी माझीच होती.

२५ मार्च, बुधवार

फोन केला. डॉक्टरने उचलला. मुंगी अंघोळीला गेली आहे म्हणाला. मी विचारलं, रविवारचं काही म्हणाली का?

म्हणाला, मजेत आहे. झोप छान लागतेय. घरातली सगळी बटणं गोळा करून ठेवली आहेत. माझ्या कोटाची पण तोडली.

मी म्हटलं, ते नाही. माझं काही?

म्हणाला, आईला विचारत होती, पुढच्या वेळचं परत सांगावं लागेल का, की तेच असतं?

मी विचारलं, मग?

म्हणाला, तेच असतं असं सांगितलं तिला. म्हणाली, मग माझं पाठ आहे.

मी म्हटलं, स्मरणशक्ती माझ्यावर गेली आहे तिची.

त्याने विचारलं, ठेवू का?

मी म्हटलं, ठेवा.