फरशीवरचं पाणी

आबा, आज दुपारी मी दौंडची एसटी थांबवली. तीन दिवस झड लागलीय, आणि आपल्या गावाअलीकडच्या ओढ्याला एवढं पाणी आलंय की फरशी पूल नेमका कुठं आहे तेच कळत नाही. शिरूरच्या फलाटावर साठ-सत्तर माणसं ताटकळत उभी होती. कुरकुंभला कंपनीत शिफ्टला जाणारी पोरं, बाजार करून निघालेल्या बायका, कडेवर लेकरं. मी कंट्रोलच्या खिडकीतून माइकवर सांगून टाकलं, गाडी जाणार नाही. मग जे व्हायचं ते झालंच. खुर्चीत बसून तुमचं काय जातंय, असं एकानं विचारलं, त्याला मी तिथल्या तिथं सुनावलं. माझं तोंड तुम्हाला ठाऊकच आहे. पण गर्दी पांगल्यावर एक चाचा खिडकीशी आले. त्यांची लेक बाळंतपणाला दौंडच्या दवाखान्यात होती आणि निरोप काही बरा नव्हता. ते भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, "बाई, तुमचं माणूस असतं, तर थांबवली असती का गाडी?"

मी त्यांना पुण्याच्या गाडीत बसवलं. तिथून रेल्वेनं दौंडला जा म्हटलं, वेळ लागेल पण पोचाल. उत्तर मात्र मला देता आलं नाही. कारण हेच मी तुम्हाला विचारलं होतं, दवाखान्याच्या पायरीवर, सगळ्यांसमोर, आणि ते काही विचारणं नव्हतं. मी आठवीत होते. घरच्या माणसासाठी तरी गाडी घालायची होती, असं मी ओरडले होते. तुम्ही खाकी शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलंत.

तो दिवस मला अजून तासातासानं आठवतो. तुम्ही आपल्याच गावची मुक्कामाची गाडी मागून घेतली होती, म्हणजे संध्याकाळी घरी यायचं आणि सकाळी तीच गाडी शिरूरला न्यायची. त्या सकाळी पोटदुखीनं आईला उभं राहवेना. आपण दोघांनी तिला धरून तुमच्या मागच्या सीटवर आणलं, तिचं डोकं माझ्या मांडीवर. गाडीत दुधाच्या किटल्या, कॉलेजची पोरं, मार्केट यार्डात निघालेली माणसं. फरशीपाशी आलो तर पाणी. आपल्याकडची रीत तुम्हीच मला शिकवली होती. फरशीच्या तोंडाला जो दगडी खांब आहे, त्यावरचा पांढरा पट्टा दिसत असला तर कंडक्टरनं काठी घेऊन पाण्यातून पुढं चालायचं आणि ड्रायव्हरनं त्याच्या मागं गाडी घालायची. पट्टा बुडाला असला तर गाडी जाग्यावर.

कंडक्टर जवान गडी. त्यानं बूट काढले, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली, काठी घेतली. मी चालतो पुढं, वहिनींना असं बघवत न्हाई, म्हणाला. माणसंही म्हणायला लागली, रोजचा रस्ता हाय, तुम्ही डोळे झाकून न्याल. तुम्ही खाली उतरलात, पाण्याशी जाऊन उभे राहिलात, परत आलात आणि किल्ली फिरवून गाडी बंद केलीत. "पट्टा दिसत न्हाई. गाडीत बेचाळीस माणसं हायती." किल्ली तुम्ही वरच्या खिशात टाकलीत आणि खिशाचं बटण लावलंत. ते बटण बघून माझ्या अंगाचा भडका उडाला होता. आपण तीन तास तिथं थांबलो. दर थोड्या वेळानं तुम्ही उतरून पट्टा बघून येत होता, आणि येताना आईच्या कपाळाला हात लावत होता. पट्टा दिसल्याबरोबर कंडक्टर पुढं चालला आणि आपण पार झालो. आतडं फुटलं होतं म्हणे. ऑपरेशन केलं, पण दुसऱ्या दिवशी आई गेली. डॉक्टर मामांना म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर. त्या थोड्याचे सगळ्यांनी तीन तास करून टाकले.

दहाव्याला मामा दौंडहून आले. त्यांची एकुलती एक बहीण. त्यांनी सगळ्या भावकीसमोर मला जवळ ओढलं आणि विचारलं, "खरं सांग पोरी, पाणी किती व्हतं?" मी म्हणाले, "घोट्याएवढं." आबा, पट्टा बुडलेला मी काचेतून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. सगळ्या माना तुमच्याकडं वळल्या. तुम्ही मुंडण केलेलं डोकं वर करून माझ्याकडं एकदा बघितलंत. मला वाटलं आता माझी खैर नाही. तुम्ही म्हणालात, "लेकरू म्हणतंय ते खरं हाय." मामा न जेवता उठले. त्यानंतर ते आपल्या उंबऱ्यावर कधी आले नाहीत, आणि गावानं तुम्हाला भित्रा ठरवलं ते कायमचं.

तुम्ही मुक्कामाची गाडी सोडलीत. पहाटे उठून माझ्यासाठी भाकरी थापायचात, एवढ्या जाड की आत कच्ची राहायची, आणि स्टोव्हमागच्या भिंतीवर खडूनं त्या दिवसाची ड्युटी लिहून जायचात, म्हणजे बाप कुठल्या रस्त्यावर आहे ते मला कळावं. एकदा मी चिडून ते पुसून टाकलं. तुम्ही रागावला नाहीत. दुसऱ्या दिवशी तिथंच पुन्हा लिहिलंत. मी तुमच्याशी कामापुरतं बोलायची, तेसुद्धा घुश्शात. मी बारावी झाले त्या वर्षी तुम्ही ड्युटीवरून घरी आलात, पाणी मागितलंत आणि ते प्यायच्या आत गेलात. तुमच्या जागेवर मला घेतलं. आधी कंडक्टर, मग परीक्षा देऊन कंट्रोलला. तुमच्यामुळं मिळालेली भाकरी मी खाते आणि तुमच्यासारखीच गाड्या थांबवते.

खुर्चीत बसल्यावर मला कळलं की थांबवणं फुकट नसतं. आजच्या त्या पोरांचा खाडा पडला. कुणाचा पेपर चुकतो, कुणाचं माणूस पल्याड तळमळत असतं. गाडी वाहून गेली तर चौकशी लागते, पण गाडी न गेल्यामुळं कुणाचं काय गेलं हे कुणी विचारायला येत नाही. तरी मी थांबवते. म्हणून आता मला असं म्हणता येईल की आबा, तुमचं बरोबर होतं, मला माफ करा. मामांना जाऊन खरं सांगायचं मी दोनदा ठरवलं. दोन्ही वेळा दौंडला जाऊन, चहा पिऊन परत आले. मामी म्हणाली, तुझा बाप काळजाचा कच्चाच. मी बशी पुढं करून अजून थोडा चहा घेतला.

पण माफी मागून हे संपत नाही. वर सगळं लिहिताना एक गोष्ट मी गाळली, आणि चाचांपुढं माझी वाचा त्याच गोष्टीमुळं बसली. आईला दोन दिवसांपासून दुखत होतं. ती मला म्हणाली होती, तुझ्या आबांना सांगू नको, उगं रजा टाकतील. मी नाही सांगितलं. फरशीपाशी तुम्ही पहिल्यांदा पाण्याशी जाऊन आलात, तेव्हा किल्ली फिरवायच्या आधी मागं वळून मला हळूच विचारलंत, "कवापासनं दुखतंय गं तिला?" आईनं माझा हात दाबला. मी म्हणाले, आज सकाळपासनं. मग तुम्ही गाडी बंद केलीत.

दोन दिवस म्हणाले असते, तर तुम्ही काय केलं असतं, हे मला कधीच कळणार नाही.