तळाची जाळी दिसली पाहिजे

५ मार्च
पोचलो एकदाचे! मी, माझी चिमणी आणि आमच्या दोन फुगलेल्या बॅगा. दुसऱ्या लग्नात असं घर मिळेल असं कुणी म्हटलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. मागच्या अंगणात चक्क स्विमिंग पूल! चिमणी सहा वर्षांची, तोंडाला कुलूप ठाऊक नाही. ह्यांना ती काका म्हणते, हे हसून चालवून घेतात. सासूबाईंना आजी म्हणाली, तर त्या म्हणाल्या, मला आजी म्हणणारी एकच होती. ह्यांची पहिली मुलगी याच पाण्यात गेली आणि मग तिची आई घर सोडून गेली, हे मला लग्नाआधीच सांगितलं होतं. सासूबाई म्हणजे दुखावलेली बाई. मनावर घ्यायचं नाही, असं मी ठरवलंय.

८ मार्च
सून म्हणून हातात पहिली किल्ली पडली ती पंपाच्या खोलीची. घ्या! आता पाण्याचं सगळं माझ्याकडे. सकाळी लांब दांड्याच्या गाळणीनं पानं काढायची, भिंती आणि पायऱ्या ब्रशनं घासायच्या, बाटलीत थोडं पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकून रंग बघायचा, फिका निघाला तर क्लोरीन घालायचं. पंप बंद ठेवायचा नाही. कुंपणाच्या फाटकाला कडी लावायची, ती इतकी उंच की पोराचा हात पोचू नये. आणि काही झालं तरी तळाची जाळी, जिच्यातून पंप पाणी ओढतो ती, काठावरून स्वच्छ दिसली पाहिजे. दिसत नसेल तर कुणी पाण्याजवळ फिरकायचं नाही, कारण गढूळ पाण्यात बुडणारं माणूस दिसत नाही. नियम शहाणपणाचे आहेत. पण इथं पोहतं कोण? मग ही उठाठेव कशासाठी, असं मी विचारलं. सासूबाई म्हणाल्या, बघण्यासाठी.

१४ मार्च
भर दुपारी पायऱ्या घासत होते. तळाच्या जाळीवर एक मुलगी मांडी घालून बसली होती. वर माझ्याकडे बघत. मी किंचाळले. सासूबाई रोजच्यासारखी खुर्ची घेऊन आल्या, काठावर बसल्या आणि म्हणाल्या, ओरडू नकोस, ती घाबरते. पाणी नितळ असलं की ती दिसते, म्हणून ते नितळ ठेवायचं. इतकं साधं! जणू खिडकीची काच पुसायची गोष्ट. ह्यांना ती दिसत नाही. दिसत नाही, की बघत नाहीत, देव जाणे.

१९ मार्च
चिमणीलाही ती दिसते. कुंपणाबाहेरून तिनं हात हलवला आणि म्हणाली, खालच्या ताईला कंटाळा येतो, ती मला ये म्हणते. सासूबाईंनी ऐकलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी माझ्या मुलीकडे नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं.
मी ह्यांना म्हटलं, पाणी उपसून टाका. हे म्हणाले, आई जगायची नाही, तू तरी समजून घे. समजून घ्यायचा मक्ता माझाच ना! ठीक आहे. पाणी नितळ असलं तरच ती दिसते ना? मग नितळ ठेवतंय कोण? आजपासून क्लोरीनच्या डब्यातून साधं पाणी ओततेय. सासूबाई आत गेल्या की पंप बंद.

२७ मार्च
हिरवंगार. जाळी दिसत नाही. सासूबाई काठावर बसून रडल्या. खरं लिहिते, मला बरं वाटलं. आता कसली ताई आणि कसलं काय.

२८ मार्च
गच्चीवर कपडे वाळत घालत होते. अंगणातली चिमणीची बडबड एकदम थांबली. धावले. फाटकाची कडी कुणीतरी काढलेली. चिमणी पायरीवर उभी, नखशिखान्त भिजलेली, केसांत शेवाळ – पण उभी! वाचली! छातीशी घट्ट धरलं तिला. सासूबाई खुर्चीत बसलेल्या, शांत. तोंडाला येईल ते बोलले त्यांना.

३१ मार्च
चिमणी पहिल्यासारखी बोलत नाही. भेदरली असेल. सासूबाई तिची वेणी घालतात, मांडीवर घेतात. ती त्यांना आजी म्हणते, चालतं. आज ह्यांना बाबा म्हणाली. ह्यांचे डोळे भरून आले. माझ्या लेकराला घरानं आपलं म्हटलं. हेच तर मला हवं होतं. पण मला तिनं अजून एकदाही हाक मारलेली नाही.

२ एप्रिल
चिमणी म्हणून हाक मारली. वळली नाही. पुन्हा मारली. नाही.
सासूबाईंनी त्यांच्या गेलेल्या नातीच्या नावानं हाक मारली – धावत गेली.
पाण्यात होतं नव्हतं तेवढं क्लोरीन ओतलंय. पंप चालू आहे. बंद करू देणार नाही.

४ एप्रिल
सकाळपासून इथंच, काठावर. लिहीत राहते, नाहीतर वेड लागेल. पहिली पायरी दिसतेय. ही शेजारी बसलीय, माझी ओढणी मुठीत धरून. गार हात.
सासूबाई म्हणाल्या, आता कशाला स्वच्छ करतेस, आता गरज नाही. गोड बोलल्या. पहिल्यांदाच.
शेवटची पायरी –
तळ. जाळी –
बसलीय कुणीतरी. नाही. नाही, देवा, तो चेहरा – माझी – वर बघतेय. ओळखलं तिनं मला. दोन्ही हात वर केलेत, उचलून घे म्हणून – आले गं, आले – ही ओढणी सोडत नाही – सोड – मला सो–