सावकाश गड्यांचा संघ

प्रिय ठोंब्या,

चोवीस वर्षांचा झालास, अख्ख्या देशातून निवडलेल्या आठ खेळाडूंत जाऊन बसलास, तरी पत्राच्या सुरुवातीला दुसरं काही लिहायला माझा हात धजेना. त्या मुलाखत घेणाऱ्या बाईंनी तुला 'सर' म्हटलं तेव्हा मी एकटीच खोखो हसत सुटले होते. आता तू म्हणशील, एक दिवसाआड फोन असतो, मग पत्राचं हे काय नवीन खूळ. अरे, फोनवर तू मला बोलू देतोस का? मी त्या जुन्या विषयाला हात घातला रे घातला की तुझ्या गॅसवर लगेच दूध उतू जायला लागतं. कागदावर तुला मध्ये तोंड घालता येत नाही, म्हणून लिहिते आहे. येत्या शनिवारी तुझी फायनल आणि तू आम्हा दोघांना बोलावलंस. मी येणार हे तुला ठाऊकच आहे. बाबा येणार का, हे तू विचारलं नाहीस आणि मीही सांगितलं नाही. आठ वर्षांत त्यांनी तुझा एक सामना पाहिलेला नाही. तुमचं दोघांचं बोलणं म्हणजे हवा कशी आहे आणि गाडी किती अ‍ॅव्हरेज देते, एवढंच. मला ते फार लागतं.

आधी लाँड्रीतलं सांगते. हॉटेलच्या तळघरात आम्ही अकरा बायका आणि सगळ्यांनी तुझी मुलाखत पाहिली. इस्त्रीवरच्या ताईंनी विचारलं, पण हा नक्की करतो काय? मग मी काय सोडते होय! घड्या घालायच्या टेबलावर सहा टॉवेल मांडले आणि व्याख्यानच झोडलं. म्हटलं, हा व्हिडिओ गेम आहे, त्यात प्रत्येकाकडे सहा राक्षस. समोरच्याला तुझे सहाही दिसतात, तुला त्याचे. त्यांतले चार निवडायचे, दोन-दोन मैदानात उतरवायचे. आग गवताला भारी, पाणी आगीला, वीज पाण्याला. एकानं मारायचं, एकानं मार खायचा, एकानं दुसऱ्याला सावरायचं. ताई म्हणाल्या, त्यात काय, सहाच्या सहा दांडगे घेतले की झालं. मी म्हटलं, घरात सहाही जण बोलणारे असले तर ऐकायचं कुणी? तशा संघाला आमचा मुलगा चहा निवायच्या आत घरी पाठवतो. काय ऐट होती म्हणून सांगू माझी! चष्म्याच्या दुकानातली नोकरी सांभाळून तू हे करतोस, हेही मी दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा कुणी विचारलं नव्हतं.

हे सगळं मला कळतं कारण तू मला कामाला लावलं होतंस. आठवतं ना, सोळाव्या वर्षी तुझा तो हातातला खेळ म्हणजे घरातलं पाळणाघर झालं होतं. अंडी उबवायची असतील तर खेळातल्या पोराला मैदानात गोल गोल पळवावं लागे. तू अभ्यासाला बसलास की ते यंत्र माझ्याकडे. एका हातानं कांदा परतायचा, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं त्या पोराला पळवायचं. अंडं फुटलं की तुला हाक मारायची, मग तू येऊन आकडे बघायचास आणि म्हणायचास, अंगात बळ आहे पण पाय जड, किंवा पाय हलके पण कातडी पातळ. पुन्हा पुढचं अंडं. तुला सगळे वाऱ्यासारखे पळणारे हवे होते, कारण जो आधी हालेल तो आधी मारेल. एकाच जातीची चौदा कासवं जन्माला घातली होतीस त्यापायी. मी म्हणायचे, ही भुतावळ एवढी जपतोस, स्वतःचे मोजे तेवढे जप. पण मला आवडायचं ते काम. तुझ्या जगात मला तेवढं एक स्टूल मिळालं होतं.

आणि मग तुझ्या पहिल्या मोठ्या स्पर्धेला तेरा दिवस उरले असताना तू शाळेच्या सहलीला गेलास. दोन दिवसांसाठी. जाताना पाच अंडी माझ्या हवाली केलीस. दुसऱ्या दिवशी दुपारी यंत्र म्हणालं, जागा शिल्लक नाही. आता माझा स्वभाव तुला माहीत आहे, कपाट भरलं की मला स्वस्थ बसवत नाही. उघडून बघते तर काय, चौदा कासवं, नऊ पाखरं, आठ विंचू, आणखीही कितीतरी, सगळी एकासारखी एक. एकेक नमुना ठेवावा, बाकीचं आवरून टाकावं, असा मी विचार केला. खाली लिहिलं होतं, 'मोकळं सोडा'. मला वाटलं, कुरणात जातील, लागले की हाक मारता येईल. एक्केचाळीस जणांना मी मोकळं सोडलं रे. प्रत्येक जण जाताना खेळ निरोप देत होता आणि मला वाटत होतं, किती पुण्याचं काम करते आहे मी. ज्यांना तू लहानपणी नावं दिली होतीस त्यांना मात्र हात लावला नाही. तो ढेरपोट्या ढब्बू, तो दिव्यासारखा कंदिल्या, ती पोत्यासारखी गोणपाट. सगळे मठ्ठ, जागचे न हालणारे, पण नावाची माणसं कशी बाहेर काढायची. लाँड्रीत दहा पांढऱ्याशुभ्र चादरी समोर टाका, कोणती किती वेळा धुतली आहे ते मी बोटांनी सांगते. आणि तुझी चौदा कासवं मला एक वाटली. शहाणपणा नडला, दुसरं काय.

तू परत आलास तेव्हा मी कौतुकाची वाट बघत बसले होते. तू यंत्र उघडून बघितलंस, मग उठून पाणी प्यायलास. ओरडला असतास तर बरं झालं असतं. एवढंच विचारलंस, परत आणायचं काही बटण दिसलं होतं का. तेव्हा मला कळलं, ते कुरणात नव्हते, कायमचे गेले होते. तेवढ्यात बाबा कामावरून आले. त्यांचा काळ तो कसा होता ते तुला मी सांगायला नको. त्याच आठवड्यात मी त्यांचा शर्ट धुतला होता, खिशात लिफ्टच्या तपासणीची वही होती, तीन इमारतींच्या नोंदींचा लगदा झाला आणि चार दिवस ते माझ्याशी बोलत नव्हते. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, एक बोल्ट विसरला तर कुणाचा तरी जीव जातो, म्हणून हलगर्जीपणा म्हटलं की त्यांचं डोकं फिरतं. त्यांनी तुझा चेहरा बघून विचारलं, काय झालं. मी तोंड उघडणार, त्याआधी तू म्हणालास, माझ्याच हातून सगळं पुसलं गेलं. माझ्याकडे बघितलंही नाहीस. आणि मी, तुझी आई, मूग गिळून कांदा चिरत राहिले. बाबा म्हणाले, ज्याला स्वतःची खेळणी सांभाळता येत नाहीत त्याच्यासाठी मी रजा काढणार नाही. स्पर्धेला ते तुला गाडीनं नेणार होते. तुझ्याइतकेच उत्सुक होते, कुठल्या रस्त्यानं जायचं ते ठरवून बसले होते. ते सगळं त्या एका वाक्यात संपलं.

पण त्यानंतरचे अकरा दिवस. ठोंब्या, मला आयुष्यात कशाचा अभिमान वाटत असेल तर त्या अकरा दिवसांचा. मी नमुन्याला ठेवलेले नेमके बिनकामाचे निघाले आणि नवी फौज उभी करायला वेळ नव्हता. तू उरलेल्या मठ्ठांची यादी केलीस आणि दोन दिवस तिच्याकडे नुसता बघत बसलास. तिसऱ्या दिवशी सकाळी दात घासता घासता बाहेर आलास, तोंडात फेस, आणि म्हणालास की एक चाल आहे, कुणी वापरत नाही. ती खेळली की पुढचे चार डाव मैदानातली रांग उलटते, सगळ्यात मंद तो सगळ्यात आधी. कंदिल्याला ती येते. म्हणजे आपले मठ्ठ पहिले आणि त्यांचे वारे शेवटी. मग स्वयंपाकघरातल्या टेबलावर शर्टाच्या बटणांच्या फौजा लागल्या. मी शत्रू. पहिल्याच डावात मी कंदिल्याला मारलं आणि तुझा सगळा खेळ खलास. मी तुला तेच विचारलं जे लाँड्रीत बायकांच्या पाळ्या लावताना रोज स्वतःला विचारते, ही बाई आजारी पडली तर हिचं काम कुणाला येतं? तू माझ्याकडे असं बघितलंस, मला वाटलं चिडलास. तर तू उठून गोणपाटला तीच चाल शिकवायला घेतलीस. ढब्बूला तू मार खायला पुढे उभं केलंस, कारण तो पडायचंच नाव घेत नसे. परवा मुलाखतीत तू म्हणालास, माझ्या संघात प्रत्येक काम दोघांना आलंच पाहिजे, हा माझा पहिला नियम. मी ते वाक्य सात वेळा ऐकलं. नंतर बॅटरी संपली.

स्पर्धेला तू एकटा गेलास, पहाटेची बस धरून, डबा घेऊन. मला त्या दिवशी सुट्टी मिळाली नाही, म्हणजे मी मागितलीच नाही. तुझ्यासोबत बसमध्ये बसायला मला तोंड नव्हतं. तिथली मुलं तुझा संघ बघून हसली, हे तू मला फार नंतर सांगितलंस. आणि मग त्यांच्या वाऱ्यांना ढब्बूनं कसं लोळवलं तेही सांगितलंस. तू तिसरा आलास. घरी येऊन ते पदक फ्रिजवर ठेवलंस, बाबांना दिसेल असं. बाबांनी ते पाहिलं आणि विचारलं, बस वेळेवर होती का. त्यांनाही आपला शब्द मागे घेता येईना. तिथपासून तुमच्या दोघांत ही भिंत आहे. तिची पहिली वीट माझी.

आता ऐक. त्या मुलाखतीत तुला विचारलं, हा मंद संघ सुचला कसा, आणि तू हसत म्हणालास, लहानपणी माझ्याच वेंधळेपणानं सगळे चांगले राक्षस गेले म्हणून. आठ वर्षांनी. जगापुढे. किती सहज म्हणालास, जणू खरंच तसं घडलं होतं. आम्ही दोघं नाश्ता करत ते बघत होतो. बाबा म्हणाले, चला, निदान कबूल तरी करतो. आणि त्यांच्या आवाजात कौतुक होतं रे. न केलेल्या चुकीच्या कबुलीचं कौतुक तुझ्या पदरात पडत होतं आणि मी समोर बसून तोंडातला घास चावत होते. त्या घासाची मला किळस आली. रविवारी सकाळी ते गॅलरीत हत्यारं पुसत बसले होते, मी जाऊन समोर बसले आणि सगळं सांगितलं. पाच अंडी, चौदा कासवं, मोकळं सोडा, कांदा, सगळं. वाटलं होतं आकाशपाताळ एक करतील. ते एकच पाना पुसत राहिले. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, तो बसनं एकटा गेला होता ना? मी हो म्हटलं. मग ते आत गेले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. दुपारी उठून मला म्हणाले, तो खेळ काय असतो ते मला नीट सांग. मी पुन्हा सहा टॉवेल मांडले.

तर बाबा येत आहेत. गाडीनं, मला घेऊन, तीन दिवसांची रजा काढून. पण हे तर मी फोनवरही सांगू शकले असते. पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. बाबा तुझी माफी मागणार आहेत. मला ते बोलले नाहीत, पण काल आंघोळीच्या वेळी पाणी सोडून ते एकटेच बोलत होते आणि मी दाराबाहेर उभी राहून ऐकलं. दर वेळी पहिल्या दोन वाक्यांनंतर अडत होते, पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होते. त्यांना हे येत नाही. शनिवारीही अडतील, भलतंच काहीतरी बोलतील, मध्येच गाडीच्या टायरवर जातील. आणि मी तुला ओळखते. त्यांचा आवाज जरा कापला की तू लगेच म्हणशील, जाऊ द्या हो बाबा, त्यात काय एवढं. जसं मला आठ वर्षं म्हणत आलास. या वेळी म्हणू नकोस. तू सगळ्यांना सावरत आलास, बाळा, स्वतःला मात्र कुणाला सावरू दिलं नाहीस. त्यांना अडू दे, घाम फुटू दे, पण शेवटच्या शब्दापर्यंत बोलू दे. गप्प उभा राहून ऐक. त्यांचं झालं की माझी पाळी आहे.

तुझीच,
आई