वंशावळीत न लिहिलेली आत्या

प्रिय आत्या,

संक्रांतीच्या सुमारास तू गेलीस, आणि इतक्या महिन्यांत मी तुझं नावसुद्धा मोठ्यानं घेतलं नाही. आज लिहायला बसले, कारण समोर दवाखान्याचा फॉर्म पडलाय आणि त्यात तू नाहीस. 'वडिलांची भावंडं' या रकान्यात आबांनी फक्त काकांचं नाव लिहिलंय. उद्या सकाळी तो घेऊन आम्हाला पुण्याला जायचंय. आहे तसाच न्यायचा की नाही, हे मला आजच ठरवायचंय.

माझ्या पाठचा, आपला सागर आजारी आहे गं. उन्हाळ्यात त्याची झोपच उडाली. परंदवडीचं सगळं शिवार विकत घेणार म्हणाला, रिसॉर्ट बांधणार म्हणाला, एका दमात तीन मोबाईल घेऊन आला. आणि मग एकदम गप्प! आता पंधरा-पंधरा दिवस भिंतीकडे तोंड करून पडून असतो. आई ताट नेते नि तसंच परत आणते. तिसरं औषध चालू आहे, तेही लागू पडत नाहीये.

ओळखीचं वाटतंय ना, तुझ्या त्या दिवसांसारखं? मला तर पहिल्याच आठवड्यात वाटलं होतं. तरी मूग गिळून बसले.

मागच्या खेपेला डॉक्टर मॅडमनी कागदावर आपली वंशावळ काढली. बायकांना गोल, पुरुषांना चौकोन, आणि जो आजारी तो काळा रंगवायचा. एकेका घरात हे आजार पुन्हापुन्हा का दिसतात, याचा त्यांच्याकडे शोध चाललाय. त्यासाठी घरातल्या सगळ्यांचं रक्त हवंय. मी लगेच विचारलं, "म्हणजे मलापण होणार?"

"नाही हो. एकच जनुक बिघडलं नि आजार झाला, इतकं सरळ नसतं ते. बारीक बारीक खूप गोष्टी असतात, शिवाय माणसाच्या वाट्याला काय आलं तेही असतं. तुम्हाला होईल की नाही, हे रक्त तपासून आज कुणीच सांगू शकत नाही. पण घरात आधी कुणाला होतं आणि काय लागू पडलं, हे कळलं तर सागरचं औषध ठरवायला मला मदत होईल. आहे का कुणी?"

आबा ताडकन म्हणाले, "आमच्या घराण्यात असलं कायबी न्हाई."

मी शेजारीच बसले होते, पायाच्या अंगठ्याकडे बघत. आबांना एकट्याला कशाला नावं ठेवू? त्यांना माझ्या लग्नाची धास्ती. तुळशीचं लग्न लागलं की माझं. कुरवंड्याच्या लोकांना, प्रवीणच्या घरी, सागरला कावीळ झालीय म्हणून सांगितलंय.

आणि त्यांच्याशी खोटं बोलायला सुरुवात तर मीच केली होती ना, आत्या?

गेल्या दिवाळीत ती माणसं बघायला आली, तेव्हा तुला गोठ्यात बसायला सांगितलं होतं. आईचे हात पोह्यात, म्हणून तू आपली चहा घेऊन बाहेर आलीस. प्रवीणच्या आईनं विचारलं, "या कोण?" आणि मी, जिला तू न्हाऊमाखू घातलंस ती मी, पटकन बोलून गेले, "शेतावर कामाला येतात." तू माझ्याकडे एकदाच बघितलंस. मग खाली वाकून म्हणालीस, "ताई, कप न्यू का?"

का गं अशी वागलीस? सगळ्यांसमोर माझ्या एक मुस्काटात द्यायची होतीस! भांडायचं होतंस! तू कप विसळलेस, आणि पुन्हा कधी तो विषयच काढला नाहीस. तुझ्या दहाव्यालासुद्धा आम्ही त्यांना कळवलं नाही. कामाला येणाऱ्या बाईचं कशाला कळवायचं? अजून लाज वाटते मला.

मघाशी माळ्यावरून तुझी फाईल काढली. आईनं जुन्या साडीत गुंडाळून ठेवली होती. तुझ्या गोळीपायी मधूनमधून रक्त तपासायला आपण दोघी बेगडेवाडीहून लोकलनं तळेगावला जायचो, तेव्हा शेजारणींना थायरॉईड सांगायचं ठरलेलं होतं. स्टेशनच्या बाकावर तू मला शेंगा सोलून द्यायचीस नि म्हणायचीस, "ही गोळी हाय तवर मी हाय." त्या एका गोळीवर तू कितीतरी वर्षं चांगली राहिलीस. लावणीला तुझ्या हाताचा वेग कुणाला गाठता यायचा नाही. त्या गोळीचं नाव इथे पानापानावर आहे, आणि आत पोरगं भिंतीकडे तोंड करून पडलंय!

इथवर लिहून थांबले, फॉर्ममध्ये तुझं नाव लिहिलं आणि लगेच प्रवीणला फोन लावला. तुझं, सागरचं, सगळं सांगितलं. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मला काही प्रॉब्लेम नाही, मंजू. पण आईला आत्ता नको सांगू. लग्न होऊ दे, मग बघू."

मला क्षणभर हायसं वाटलं, खरंच वाटलं. आणि मग अंगावर काटा आला. म्हणजे आता त्या घरात जाऊनही हेच करायचं? मी म्हटलं, "नाही. रविवारी मी येते, मीच सांगते." त्यानं फोन ठेवला. अजून त्याचा फोन नाही.

इतक्यात आबा शेतावरून आले. त्यांनी चष्मा लावून फॉर्म हातात घेतला. आता फाडतात, म्हणून मी उठून उभी राहिले. त्यांनी काकांच्या नावाखाली बोट ठेवलं.

"हितं खाली कशाला लिवलंस? आक्का थोरली व्हती आमच्यात. तिला वर घे."

एवढंच बोलले आणि तोंड धुवायला मोरीवर गेले. किती वेळ पाणी तोंडावर मारत होते.

आत्या, तुला वर घेतलंय. उद्या मॅडमसमोर तुझी फाईल मी स्वतः ठेवणार, आणि रविवारी कुरवंड्याला जाऊन प्रवीणच्या आईसमोर तुझं नाव घेणार. लग्न मोडेल कदाचित. भीती वाटतेय मला, तो आवडतो गं मला. पण हा शब्द देते तुला: उद्या माझीच झोप उडाली, मीच शिवार विकत घ्यायला निघाले, तरी मी लपून बसणार नाही, आणि माझ्या घरात कुणाला लपवू देणार नाही.

तुझीच भाची,
मंजू